देवासारखं बसा, म्हणे

डोंबिवलीत थंडी पडते, असं आम्ही डोंबिवलीकर म्हणतो. खरं तर ती पडत नाही, भेट देऊन जाते. संक्रांतीच्या आगेमागे दहा-बारा दिवस पहाटे पंखा बंद करावा लागतो आणि तेवढ्या पुराव्यावर माणसं कानटोप्या बाहेर काढतात. सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी कुणीतरी मोबाईलवरच्या तापमानाचा फोटो टाकतं, त्याखाली दुसरं कुणीतरी कुडकुडणारी बाहुली टाकतं. कधीतरी महाबळेश्वरच्या सहलीसाठी घेतलेले स्वेटर डांबरगोळ्यांचा वास सोडत भाजी घ्यायला निघतात. मानपाडा रस्त्यावर सकाळी जे पांढरं दिसतं ते धुकं की धूर, हे कुणालाच सांगता येत नाही आणि कुणी विचारतही नाही. हरभऱ्याच्या जुड्या येतात. वालाच्या शेंगा येतात. आणि माझा वाढदिवस येतो.

यंदा पन्नासावा.

मी हा प्रकार नेहमीसारखा गुपचूप उरकणार होते. सकाळी कल्याणला कॉलेजच्या ग्रंथालयात जायचं, पुस्तकं द्यायची-घ्यायची, संध्याकाळी घरी येताना स्वतःसाठी अर्धा किलो चिक्कू घ्यायचे. पण माझ्या धाकट्या भावाला, मिलिंदला, समारंभांची आवड आहे. त्याला कुठेही माइक दिसला की तो एकदा टिचकी मारून बघतोच. डिसेंबरातच त्याचा फोन आला.

"ताई, हॉल बुक केलाय."

"कशासाठी?"

"कशासाठी काय? पन्नास पूर्ण होतायत तुला."

"हॉलमध्ये नाही गेले तरी होतील की."

"सकाळी वैष्णवी शांती. पन्नाशीला करतात ती. मग जेवण. मग छोटासा कार्यक्रम. तुझा जीवनपट, मानपत्र वगैरे."

"मिल्या, मी गेलेय का रे?"

"अशुभ नको बोलूस. तू काहीच करायचं नाही. फक्त यायचं आणि देवासारखं बसायचं."

हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. तीस वर्षांपूर्वी, याच दिवसांत, अशाच नावापुरत्या थंडीत. तेव्हा ते माझ्या आजोबांना म्हटलं गेलं होतं. आणि त्यानंतर जे झालं, त्याबद्दल आमच्या घरात आजवर एकच बाजू मांडली गेली आहे. ती माझी नाही.

आजोबांना आम्ही सगळेच आबा म्हणायचो; त्यांची मुलंसुद्धा. इथल्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात ते स्टोअर सांभाळायचे. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी त्यांच्या एका नखात निळा रंग होता, असं मला लहानपणी वाटायचं. नंतर कळलं, कधीकाळी दारात चेमटून ते नख मेलं होतं. समारंभाला गेले तर ते नेहमी शेवटच्या रांगेत बसायचे. कारण विचारलं की म्हणायचे, "भाषण लांबलं तर चप्पल जवळ असावी." वाचनालयातून आणलेल्या कादंबरीचं शेवटचं पान ते आधी वाचायचे. मी ओरडायची. ते म्हणायचे, "लेखकाला बाहेर पडायला जमलंय का, तेवढं बघतो. नसेल जमलं तर मी कशाला आत शिरू?"

मी आठवीत असताना आजी गेली. त्यानंतर त्यांनी घरातली बाहेरची कामं हळूहळू आपल्याकडे ओढून घेतली. सकाळचं दूध, भाजी, चक्कीवरचं दळण, लाइटचं बिल. आई नोकरी करायची, तिला बरंच होतं. आबांना ते त्याहून बरं होतं. डोंबिवली पश्चिमेला आमचं दुसऱ्या मजल्यावर घर होतं. तिथून पिशवी घेऊन निघालेले आबा कोपरच्या बाजूला वळसा घालून अर्ध्या तासाचं काम दीड तासात करून यायचे. येताना कोथिंबिरीबरोबर बातम्या आणायचे. कुणाचा मुलगा कुठे लागला, कुठल्या चाळीच्या जागी काय येतंय. आमच्या घरात वर्तमानपत्र होतं, पण ते आबांच्या मागून यायचं.

हिवाळ्यात यात एका गोष्टीची भर पडायची. दर शुक्रवारी, म्हणजे कारखान्याच्या जुन्या सुट्टीच्या वारी, आबा आंबिवलीला जायचे. सगळं जग सकाळी मुंबईच्या दिशेने चेंगरत असताना हे उलट दिशेच्या रिकाम्या गाडीत खिडकीशी बसून जायचे. आंबिवलीपासून वीस मिनिटं चाललं की बाळाराम पाटलांचं शेत. बाळाराम म्हणजे कारखान्यात आबांच्या हाताखाली माल उतरवणारा गडी. पुढे हाताखालचा राहिला नाही, मित्र झाला. भात कापून झालं की त्या शेतात जमिनीच्या ओलीवर वाल पेरायचे. जानेवारीत शेंगा भरायच्या. आबा संध्याकाळी पिशवीभर शेंगा घेऊन यायचे आणि आम्ही चौघं वर्तमानपत्र पसरून सोलत बसायचो. वालाचा तो हिरवट, किंचित कडसर वास अजूनही जानेवारीत बाजारात आला की माझी मान आपोआप वळते.

त्या वर्षी आबांना एक्याऐंशी लागली. आमच्याकडे यावर उपाय आहे, सहस्रचंद्रदर्शन. माणसाने हजार पौर्णिमा पाहिल्या, म्हणून त्याचा सोहळा. या सोहळ्याचा सगळा भार आत्याने घेतला. सुमाआत्या ही बाबांची एकुलती बहीण. कल्याणला राहायची, शाळेत शिकवायची आणि वर्गात, घरात, भाजीवाल्याशी एकाच आवाजात बोलायची. तिचं आबांवर फार प्रेम होतं. तिच्या प्रेमात यादी असायची.

एक्याऐंशी दिव्यांचं तबक झालं. ते एकीला पेलेना म्हणून दोघींनी धरलं. डिसेंबर असूनही आबांच्या कपाळावर घाम आला. मी शेजारी पंखा घेऊन उभी होते. ते ओठ न हलवता म्हणाले, "हे मला ओवाळतायत की भाजतायत?" मग गुळाची तुला. वखारीतून काटा आणला होता. एका पारड्यात आबा, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा. पण आबा मुळात हडकुळे आणि आत्याने ढेपा आणल्या होत्या वडिलांच्या थोरवीच्या अंदाजाने. आबांचं पारडं काही खाली येईना. गूळ उतरवणं बरं दिसलं नसतं. शेवटी कुणीतरी आबांच्या गळ्यात आणखी दोन हार घातले, मांडीवर नारळांची परडी ठेवली. पारडी समान झाली, टाळ्या पडल्या. तो गूळ वाटून वाटून उरला. पोळ्या, चहा, खीर, सगळं गुळाचं. तो आबांपेक्षा जास्त टिकला.

त्या दिवशी आबांना बसवायला एक उंच पाठीची खुर्ची आणली होती, भाड्याची नव्हे, विकतची. कार्यक्रमानंतर ती घरी आली आणि खिडकीपाशी मांडली गेली. आठवड्याभरात जिन्यात आबांना चक्कर आली. पडले नाहीत, पायरीवर बसले. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, थंडीत जपा, दगदग नको. यात खोटं काही नव्हतं, हे मी तेव्हाही मानत होते आणि आजही मानते. आई-बाबा, आत्या, कुणीही दुष्ट नव्हतं. त्यांनी फक्त एकेक पिशवी काढून घेतली. दूध मिलिंदकडे गेलं. भाजी आईने येताना आणायचं ठरलं. दळण चक्कीवाला वर पाठवू लागला. आणि दुपारी घरात कुणी नसताना आबांनी खाली उतरू नये म्हणून सेफ्टी डोअरला कुलूप लागू लागलं.

"तुम्ही आता काही करायचं नाही," आत्या म्हणाली. "खूप केलंत. आता देवासारखं बसा."

"सुमे," आबा म्हणाले, "देवाला निदान वर्षातून एकदा पालखीत घालून गावातून फिरवतात."

सगळे हसले. आबाही हसले. कुलूप तसंच राहिलं.

घरी येणारा प्रत्येक माणूस आता वाकून नमस्कार करायचा. पूर्वी हीच माणसं आबांना जिन्यात गाठून, "आबा, वांगी कशी दिली?" विचारायची. आता कुणी वांग्यांबद्दल विचारेना. आशीर्वाद मागायचे. आबा द्यायचे, आणि माणूस गेला की स्वतःच्या पायांकडे बघायचे. "बरं झालं," एकदा मला म्हणाले, "कुणीतरी वापरतंय." मग त्यांनी पेपर अर्धा वाचून ठेवायला सुरुवात केली. संध्याकाळी आई भाजी ओट्यावर ठेवायची तेव्हा ते खुर्चीतून विचारायचे, "मेथी कशी मिळाली?" आणि आई, दिवसभर राबून आलेली, म्हणायची, "मिळाली हो." तिचंही काही चुकत नव्हतं. पण मला ते ऐकवत नसे. मी वीस वर्षांची होते, शेवटच्या वर्षाला. त्या खुर्चीत माझ्या डोळ्यांदेखत एक माणूस कमी होत होता आणि घरातले सगळे म्हणत होते, बघा, आता कसे शांत झालेत.

एका शुक्रवारी सकाळी मी केस विंचरत होते. आबा खिडकीकडे बघत म्हणाले, "वाल भरले असतील."

एवढंच. ने म्हणाले नाहीत.

मी आत जाऊन आईला सांगितलं, आज कॉलेज नाही, आबांना कल्याणला रक्त तपासायला नेते, येताना आत्याकडे टेकून येऊ. आईने त्यांच्या गळ्यात मफलर गुंडाळला, माझ्या हातात किल्ली दिली. खोटं बोलताना मला जराही अडखळायला झालं नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. जिना आम्ही दहा मिनिटांत उतरलो. रस्त्यावर आल्यावर आबांनी मफलर काढून माझ्या पिशवीत टाकला.

आंबिवलीपासूनच्या वीस मिनिटांच्या रस्त्याला आम्हाला तासाच्या वर लागला. तीनदा बसलो. एकदा मैलाच्या दगडावर, एकदा एका घराच्या ओट्यावर, एकदा नुसतेच बांधावर. दुसऱ्या वेळी त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. मी म्हटलं, "आबा, परत जाऊया." ते हात वर करून थांब म्हणाले. श्वास जुळल्यावर म्हणाले, "परत जायलाही तेवढंच चालायचंय. मग पुढेच जाऊ." ऊन कोवळं होतं. भाताचे खुंट पायाखाली करकरत होते. कुठेतरी पाला जळत होता. आबा प्रत्येक शेताचं काहीतरी सांगत होते, कुणाचं, कुणी विकलं, कुणाची विहीर गोडी. महिन्याभरात ते एवढे बोलले नव्हते.

बाळाराम बांधावरच उभा होता.

"आलास क रं? मना वाटला, आता तुजा फोटोच बघाला येवा लागतंय."

"फोटो काढलाय," आबा म्हणाले. "हार घालून. बघायला ये एकदा."

"बस गो पोरी," बाळाराम मला म्हणाला. "ह्याला कशाला आनलास? धापा टाकतंय बघ." मग आबांकडे वळून, "माज्या शेतान नको मरू हं. पोलीस माज्याच मागं लागतील."

आबा असे हसले की खोकला आला, खोकता खोकता परत हसले. कितीतरी दिवसांत त्यांच्याशी कुणी भांडल्यासारखं बोललं नव्हतं. मग ते दोघं शेंगा तोडायला गेले. म्हणजे बाळाराम तोडत होता आणि आबा वाकून, वेल हातात धरून, शेंग दाबून बघत होते. ही भरलीय, ही नाही, ही उद्या. दुपारी बाळारामने मडक्यात भांबुर्डीचा पाला पसरला, त्यावर शेंगा, छोटी वांगी, बटाटे, जाडं मीठ, वरून परत पाला. मडकं उपडं घालून भोवती गवत-काटक्या पेटवल्या. याला पोपटी म्हणतात. मडकं सरळ करून, तोंडावरचा पाला काढून शेंगा केळीच्या पानावर ओतल्या तेव्हा जो वाफेचा लोट आला, त्यात आबांचा चष्मा पूर्ण धुरकट झाला. ते तो पुसायला थांबले नाहीत. तसेच, काही न दिसता, हाताने चाचपून खात राहिले. बोटं काळी, हनुवटीला मीठ. एकदाही कुणी त्यांना "सावकाश" म्हणालं नाही.

आम्ही रिक्षाने स्टेशनवर आलो, गाडीने डोंबिवलीला. दारात बाबा उभे होते. संध्याकाळी आत्याने सहज घरी फोन केला होता, आबांची चौकशी करायला.

तिसऱ्या दिवशी आबांना ताप आला. छातीत गेला. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ते गेले.

तेराव्याला, जेवणं झाल्यावर, माणसं बसलेली असताना, आत्या मला म्हणाली, "तू नेलं नसतंस तर आज ते असते." आवाज चढवून नव्हे, तिच्या रोजच्या वर्गातल्या आवाजात. त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं. मग ती पुढचं म्हणाली, "आणि त्यात माझं नाव घेतलंस."

तेव्हापासून तीस वर्षं. लग्नात, बारशात, बाबा गेले तेव्हा, आई गेली तेव्हा, मी आणि आत्या एका खोलीत असलो की ते वाक्य तिसऱ्या माणसासारखं आमच्यात येऊन बसतं. ती ते दरवेळी म्हणत नाही. म्हणायची गरज उरलेली नाही.

पहिली काही वर्षं मी स्वतःला शिक्षा केली. वाल खाल्ले नाहीत, जणू त्यांचा दोष. मग माझी मुलगी झाली, सई, आणि तिच्यामागे धावताना कधीतरी ते संपलं. आता कुणी विचारत नाही, पण विचारलं तर माझं उत्तर तयार आहे. तो ताप त्या शेतातून आला की जिन्यातून, की ऐंशी वर्षांच्या छातीतून, हे मला माहीत नाही. डॉक्टरांनाही नव्हतं. समजा, शेतातूनच आला. समजा, माझ्यामुळेच. तरीही, पुन्हा तो शुक्रवार आला तर मी पुन्हा किल्ली घेईन. फक्त यावेळी आईशी खोटं बोलणार नाही. सांगून नेईन.

हे मला इतक्या ठामपणे म्हणता येतं, कारण आता हाच खेळ माझ्याशी सुरू झालाय. नोव्हेंबरात मानपाडा रस्त्यावर खडी पसरली होती आणि माझी स्कूटर घसरली. डावं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. प्लास्टर निघायच्या आधी सईने स्कूटरचे फोटो काढून ती मोबाईलवर विकायला लावली.

"आई, जरा प्रॅक्टिकल हो ना. पन्नास झाली तुला. रिक्षाने जा. ऐश कर."

"खडी मी टाकली होती का गं?"

"मुद्दा तो नाहीये."

"मग खडी टाकणाऱ्याचं लायसन्स काढून घ्या."

मी ती जाहिरात काढली. तिने परत टाकली. मी परत काढली. आता ती पासवर्ड बदलते आणि मी तिचा नवा पासवर्ड ओळखते. आईला तेवढं जमतंच. तिच्या काळजीत खोट नाही. पण मला एक गोष्ट दिसलीय. आधी तुमची पिशवी काढून घेतात, मग तुमच्या गळ्यात शाल घालतात. शाल मिळाली की समजावं, कुणीतरी कुठेतरी कुलूप आणायला गेलंय.

या थंडीत आणखी एक हिशेब डोक्यात लखकन आला आणि त्याने मला दोन दिवस झोप लागू दिली नाही. आबांचं तेरावं झालं तेव्हा आत्या पन्नास वर्षांची होती. आज मी आहे तेवढी. मला ती तेव्हा किती म्हातारी, किती पक्की वाटली होती. पन्नाशीची बाई काय असते ते मला आता ठाऊक आहे. तिचा बाप गेला होता आणि तिला कुणावर तरी चिडायचं होतं. हे समजलं म्हणून मी काही माफी मागणार नव्हते. पण हॉलला हो म्हटलं, ते मात्र यासाठीच. मिलिंद म्हणाला होता, "तिथे लिफ्ट आहे, आत्याला आणता येईल."

हॉल मानपाडा रस्त्यावर, तिसऱ्या मजल्यावर. खाली माझा फ्लेक्स. फोटोत मला इतकं गोरं केलं होतं की वॉचमनने मलाच विचारलं, "कुणाच्या कार्यक्रमाला?" वर लग्नातल्या नवरा-नवरीची असते ती लाल मखमली खुर्ची. शांती झाली, जेवण झालं. मिलिंदने माइकला टिचकी मारली आणि मानपत्र वाचलं. "कुटुंबवत्सल, संयमी, मृदुभाषी..." या तिसऱ्या शब्दाला माझ्या ग्रंथालयातल्या बायकांच्या टेबलावर कुणीतरी फुस्सकन हसलं. तेवढाच मला त्या मानपत्रातला खरा क्षण वाटला.

पहिल्या रांगेत आत्या होती. व्हीलचेअरमध्ये, शालीत गुंडाळलेली. ती काठी घेऊन चांगली चालते. पण तिच्या मुलाला, श्रीकांतला, व्हीलचेअर सोयीची वाटते. तो मागे दोन्ही दांडे धरून उभा होता.

"आणि एक आनंदाची बातमी," मिलिंद माइकवर म्हणाला. "पुढच्या महिन्यात याच हॉलमध्ये आपल्या लाडक्या सुमाआत्याचं सहस्रचंद्रदर्शन! आत्या, तू काही करायचं नाहीस. फक्त देवासारखं बसायचंस!"

टाळ्या. मी आत्याकडे पाहिलं. ती टाळ्या वाजवत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

मग माझ्या जीवनपटासाठी दिवे बंद झाले. श्रीकांत प्रोजेक्टरची वायर बघायला गेला. पडद्यावर मी दोन वर्षांची, झबल्यात, रडत होते. मी त्या लाल खुर्चीवरून उठले आणि आत्याशेजारी जाऊन बसले. काही वेळाने तिने माझा पदर ओढला.

"खाली कोपऱ्यावर पाणीपुरीवाला आहे. येताना गाडीतून दिसला."

"आहे."

"श्रीकांत आणून देतो मला. घरी. बशीत. पुरी वेगळी, पाणी वेगळं, तेही उकळलेलं. मी खाईपर्यंत पुरीचं पोतेरं होतं." ती थांबली. "मला उभ्याने खायचीय."

मी तिच्याकडे पाहिलं. ऐंशी वर्षांची, साखर, रक्तदाब, मागच्या दिवाळीत दवाखान्यात चार दिवस. अंधारात माझं सगळं तीस वर्षांचं ठामपण क्षणभर गळून पडलं. पुन्हा तेच, पुन्हा मीच, आणि यावेळी तर तीच.

"आत्या," मी म्हटलं, "उद्या काही झालं ना, तर नाव माझं येणार."

"येणारच," ती म्हणाली. "तुझंच येतं."

आणि तिने पाय खाली टेकवले.

लिफ्टमध्ये शिरताना मी वर्गात ऐकू जाईल अशा आवाजात श्रीकांतला सांगितलं, "आत्याला खाली नेतेय, पाणीपुरी खायला." तो वळला तोवर दार लागलं होतं. खाली हवा गार होती. आत्याने काठीची मूठ मनगटात अडकवली आणि द्रोण हातात घेतला.

"आजी, मीडियम?" पाणीपुरीवाल्याने विचारलं.

"तिखट."

पहिली पुरी तिच्या तोंडात मावली नाही. पाणी हनुवटीवरून शालीवर गेलं. तिने पुसलं नाही. दुसरी नीट जमली. तिसरीनंतर तिच्या डोळ्यांना पाणी आलं, तिखटाचं असावं, आणि ती द्रोणाकडे बघत म्हणाली, "त्या दिवशी आबांनी काय खाल्लं होतं?"

तीस वर्षांत मला हे कुणीही विचारलं नव्हतं. काय झालं हे सगळ्यांना माहीत होतं. मी सांगितलं. शेंगा, वांगी, दोन बटाटे. चष्म्यावरची वाफ. बाळाराम पोलिसांचं काय म्हणाला ते.

"हसले?"

"खोकला येईपर्यंत."

तिने चौथी पुरी खाल्ली. मग म्हणाली, "तुझं चुकलंच होतं. मी अजूनही तेच म्हणते."

"म्हण."

"माझं नाव घेऊन गेलीस," आत्या म्हणाली, आणि यावेळी तो वर्गातला आवाज नव्हता. "मला नाही नेलंस. कल्याणवरूनच तर गेलात. मी काय नाही म्हटलं असतं?"

म्हटलं असतं, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. मी तिचा हात धरला, काठी अडकवलेला, तो गार पडला होता.

माझ्या पर्समध्ये फोन वाजायला लागला. मिलिंद. वर दिवे लागले असणार, दोन्ही खुर्च्या रिकाम्या दिसल्या असणार. मी पर्समध्ये हात घातला.

"नको उचलूस गं," आत्या म्हणाली आणि द्रोण पुन्हा पुढे केला. "सुकी पुरी राहिलीय अजून."